उष्ण प्रदेशात अव्होकाडोची कलमे

(संघाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



चिटणीसांनी "शेतीविषयी काही बोला" असे सुचविले तेव्हा प्रथम मला संकोच वाटला. मी कृषिशास्त्राचा पदवीधर नव्हे. शाळेत गणित शिकविण्यात आयुष्य गेले आणि निवृत्तीनंतर कुडाळ तालुक्यातील वडिलोपार्जित भरडावर मी झाडे लावू लागलो. परंतु अलीकडे आपल्यापैकी अनेक घरांतून मला एकच प्रश्न विचारला जातो : "काका, अव्होकाडो लावावा का?" एका घरी तर काजूची फळती बाग तोडून आणि कर्ज काढून चारशे कलमे लावण्याचा बेत ठरला आहे. ते कुटुंब आज या सभागृहात उपस्थित आहे. त्यांचे नाव मी घेणार नाही. मात्र त्यांच्या घरी कुऱ्हाड उचलली जाण्यापूर्वी माझ्या फजितीची हकिकत त्यांच्या कानी घालणे मला कर्तव्य वाटते.

हे फळ आपणांस परके वाटले तरी त्याचे कुळ परके नाही. आपल्या परसातील दालचिनी आणि तमालपत्र ज्या वनस्पतिकुलातील, त्याच कुलातील हे झाड. त्याचे मूळ घर मेक्सिको आणि मध्य अमेरिका. तेथे त्याच्या तीन जाती मानतात. पहिली मेक्सिकोच्या उंच पठारावरील. ती थंडी सोसते आणि तिचे पान चुरगळले असता बडीशेपेसारखा वास येतो. दुसरी ग्वाटेमालाच्या डोंगरांतील. तिची साल जाड व खरखरीत. तिसरी समुद्रकाठच्या सखल, उष्ण आणि दमट प्रदेशातील. तिला वेस्ट इंडियन म्हणतात. तिचे फळ मोठे, साल पातळ व गुळगुळीत, गरात तेल कमी. आज मला जे सांगावयाचे आहे, त्याचा अर्धा भाग या तीन नावांत आला. झाड कोणत्या हवेतील आहे, हे न पाहता आम्ही केवळ फळाच्या कीर्तीवर भाळतो.

मीही भाळलो. २०१४ च्या जून महिन्यात एका रोपवाटिकेतून 'हॅस' जातीची ४० कलमे विकत आणली. भविष्यनिर्वाह निधीतील बरीच रक्कम त्यात गेली. हापूसच्या कलमांसाठी वडील खणीत तसेच खड्डे मी खणले, शेणखत घातले, कलमे लावली आणि आळी केली. आमच्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. जांभ्या दगडात खणलेला खड्डा म्हणजे दगडी डोणीच; त्यात पाणी तुंबले. श्रावणात झाडांची पाने मलूल होऊन लोंबू लागली. माती ओली असताना पाने का सुकतात, हे मला उमजेना. दोन दिवस उघडीप पडली, तेव्हा पाणी कमी पडले असेल असे समजून मी आणखी पाणी घातले! दसऱ्यापर्यंत १७ कलमे मेली. पुढच्या वैशाखात उन्हाने कोवळ्या खोडांची साल करपली आणि आणखी ९ गेली. उरली १४. त्यांपैकी ५ जोमाने वाढली. पाहुण्यांना मी ती अभिमानाने दाखवीत असे. पुढे एका जाणत्याने जवळ जाऊन पाहिले आणि सांगितले, "मास्तर, ह्यांचा वरचा डोळा केव्हाच मेला आहे. हा खालचा खुंट वाढतो आहे." म्हणजे मी तीन वर्षे हॅस समजून भलत्याच रोपाला पाणी घातले होते. शेवटच्या ९ झाडांना मोहर आला, परंतु फाल्गुन-चैत्राच्या उन्हात तो गळून गेला.

या हॅसची कथा मी नंतर वाचली. रुडॉल्फ हॅस हे कॅलिफोर्नियातील एक पोस्टमन होते. त्यांनी १९२६ च्या सुमारास ला हाब्रा हाइट्स येथे आपल्या लहानशा बागेत बियांपासून रोपे केली. त्यांवर त्या काळी नावाजलेल्या 'फुएर्ते' जातीचे कलम बांधावयाचे होते. एका रोपाने मात्र कलम स्वीकारलेच नाही. ते तसेच राहिले, वाढले, फळले. आणि त्याची फळे घरातील मुलांना अधिक आवडली. १९३५ मध्ये त्या झाडाचे पेटंट घेतले गेले. आज जगातील प्रत्येक हॅस हे त्या एकाच झाडाच्या काडीचे कलम आहे. ते मातृवृक्ष २००२ मध्ये मेले. कशाने? मुळे कुजून! ज्या रोगाने माझी १७ कलमे नेली असावीत, त्यानेच त्या जगप्रसिद्ध झाडाचा शेवट केला, हे वाचून मला थोडे समाधान आणि पुष्कळ शहाणपण लाभले.

या रोगाचे कारण असणारी, फायटोफ्थोरा प्रजातीतील एक बुरशीसारखी सूक्ष्म जीवजाती १९२२ मध्ये सुमात्रा बेटावर दालचिनीच्या झाडावर प्रथम ओळखली गेली. कुळाचे नाते असे रोगातही दिसते. साचलेल्या पाण्यात तिचे बीजाणू पोहत जाऊन मुळांना गाठतात. अव्होकाडोची पोषक मुळे जमिनीच्या वरच्या वीतभर थरात पसरलेली असतात आणि त्यांना केशमुळे जवळजवळ नसतात. त्यामुळे त्यांना पाणी सतत हवे, परंतु साचलेले पाणी मुळीच नको. मुळे कुजली की ओल्या मातीतही झाड तहानेने मरते. माझ्या मलूल पानांचा अर्थ हा होता.

२०१८ मध्ये मी कोडगू जिल्ह्यात गेलो. तेथे कॉफीच्या मळ्यांतून हे झाड 'बटर फ्रूट' या नावाने जुनेच परिचयाचे आहे. चेट्टळ्ळी येथे भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेचे प्रयोग केंद्र असून तेथून 'अर्का सुप्रीम' आणि 'अर्का कूर्ग रवी' या जाती निघाल्या आहेत. परंतु ती हवा डोंगराची. तेथे मला जे मिळाले ते कलमांहून मोलाचे होते. ती एक दृष्टी होती. आपल्या हवेत जे झाड आपोआप टिकले आहे, ते आधी शोधावे. परत आल्यावर मी शोध केला. खाडीकाठच्या एका गावी एका घराच्या अंगणात बियांपासून झालेले जुने झाड मिळाले. गुळगुळीत हिरवी फळे, दरवर्षी भरपूर. त्या झाडाने तिथल्या उन्हात आणि पावसात कित्येक वर्षे काढली होती. याहून वेगळे प्रमाणपत्र मला नको होते.

आता कलमाविषयी. बियांपासून झालेले अव्होकाडोचे झाड आईसारखेच निघेल याची शाश्वती नाही, आणि फळासाठी ५ ते ७ वर्षे, कधी त्याहूनही अधिक थांबावे लागते. कलम तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळते आणि फळ मातृवृक्षाचेच देते. कलमाचे महत्त्व आम्हां कोकणवासीयांना सांगावयास नको; हापूसची कीर्ती कलमावरच उभी आहे. फरक एवढाच की आम्ही काडीचे कुळ विचारतो, खुंटाचे विचारीत नाही. वास्तविक उन्हाशी काडी झुंजते आणि जमिनीशी खुंट झुंजतो. उष्ण प्रदेशात खुंटही सखल प्रदेशातील जातीचा असावा. तो खारे पाणीही इतरांपेक्षा अधिक सोसतो. म्हणूनच इस्राएलमध्ये पाणी खारट असेल तेथे वेस्ट इंडियन खुंट वापरतात.

रीत सोपी आहे. फळातून काढलेली बी वाळू न देता लगेच पिशवीत लावावी. वाळलेली बी लवकर निकामी होते. बीचा रुंद भाग खाली आणि निमुळता वर ठेवावा. महिना-दीड महिन्यात कोंब येतो. रोप पेन्सिलीएवढे जाड झाले की कलमास योग्य. काडी त्याच जाडीची, चारपाच इंच लांब, डोळे फुगलेले पण न फुटलेले अशी निवडावी. आठदहा दिवस आधी तिची पाने देठ राखून छाटली तर डोळे भरतात. रोप मातीपासून वीतभर उंचीवर कापून मधोमध चीर द्यावी, काडीला पाचरेसारखा आकार देऊन ती चिरेत बसवावी आणि निदान एका बाजूस तरी सालीखालील हिरवा थर खुंटाच्या थराशी तंतोतंत जुळवावा. तो थर जुळला तरच जीव जुळतो. प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधून वर लहान पिशवीची टोपी घालावी आणि सावलीत ठेवावे. तीनचार आठवड्यांत डोळे हलतात. पावसाचा जोर ओसरल्यावर, हवा दमट पण फार तप्त नसताना मला सर्वाधिक यश आले.

त्यानंतर एक नियम डोळ्यांत तेल घालून पाळावा : सांध्याखालून येणारा प्रत्येक फुटवा तत्काळ काढावा. माझी पाच झाडे याच दुर्लक्षाने खुंटाची झाली. विकतचे कलम घेतानाही आधी सांधा पाहावा. सांधा दिसत नसेल तर कलम घेऊ नये. पान चुरगळून हुंगावे; उष्ण प्रदेशासाठी म्हणून दिलेल्या कलमास बडीशेपेचा वास आला, तर विक्रेत्यास चार प्रश्न विचारावेत.

२०१९ मध्ये मी स्वतः बांधलेली १२ कलमे लावली. या वेळी खड्डा खणला नाही. उतारावर दोन-अडीच फूट उंच आणि पाचसहा फूट रुंद मातीचे उंचवटे केले, वरच्या अंगास चर काढून पावसाचे पाणी बाजूस वळविले. सांधा मातीच्या वर राहील असे कलम लावले. उंचवट्यावर पालापाचोळ्याचे जाड आच्छादन घातले, मात्र खोडापासून वीतभर दूर. खोडाला टेकलेला ओला पाचोळा साल कुजवितो. पहिली दोन वर्षे पश्चिमेच्या बाजूस माडाच्या झावळ्यांचा आडोसा केला आणि खोडांना चुन्याचा पातळ हात दिला. पांढरा रंग ऊन परतवितो आणि साल करपत नाही. उन्हाळ्यात पाणी थोडे थोडे, पण वारंवार दिले. रासायनिक खत पहिल्या वर्षी दिलेच नाही. १२ पैकी १० कलमे जगली आणि २०२३ मध्ये प्रथम फळली.

फुलांचा एक चमत्कार येथे सांगितला पाहिजे. अव्होकाडोचे प्रत्येक फूल दोनदा उमलते. पहिल्यांदा स्त्रीरूपाने, दुसऱ्यांदा पुरुषरूपाने. 'अ' गटातील झाडांची फुले सकाळी स्त्रीरूपाने उमलून मिटतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पराग देतात. 'ब' गटात याच्या उलट : दुपारी स्त्रीरूप, दुसऱ्या दिवशी सकाळी पुरुषरूप. म्हणून दोन्ही गटांची झाडे शेजारी असली तर फळधारणा सुधारते. हॅस 'अ' गटातील, फुएर्ते 'ब' गटातील. फ्लॉरिडातील सखल प्रदेशाच्या जातींपैकी सिमंड्स 'अ' आणि पोलॉक 'ब'. मधमाश्या मात्र दोन्हींना हव्यात. मोहरात औषध फवारणाऱ्याने स्वतःच्याच पिकावर घाला घातला असे समजावे.

फळ झाडावर पिकत नाही. ते काढल्यावर पिकते. म्हणून आधी दोनतीन फळे काढून घरात ठेवावीत. सुरकुतली, रबरासारखी झाली, तर बाकीच्यांस अवधी द्यावा. सखल प्रदेशाचे फळ हॅसइतके स्निग्ध नसते, त्याची साल पातळ असते आणि ते लांबच्या प्रवासात टिकत नाही. शहरातील दुकानदार हॅस मागतो, हे मी लपवीत नाही. माझी फळे कुडाळ आणि सावंतवाडीच्या पलीकडे गेलेली नाहीत. त्यांतून श्रीमंती आली नाही. खर्च निघाला आणि घरातील मुलांना फळ मिळाले.

आता त्या कुटुंबासाठी दोन शब्द. काजूचे फळते झाड म्हणजे घरातील कमावता माणूस. नव्या पाहुण्याच्या भरवशावर त्यास घराबाहेर काढू नका. बांधावर, उतारावर, मोकळ्या जागी दहा कलमे लावा. त्यांना दोन पावसाळे आणि दोन उन्हाळे पाहू द्या. जी जगतील त्यांच्याच काड्या घेऊन पुढची कलमे स्वतः बांधा. घरातील मुलींना आणि सुनांना कलम बांधावयास शिकवा. आमच्या सूनबाईंचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे आणि जगलेल्या दहांपैकी सात कलमे तिने बांधलेली आहेत. ज्यांस काड्या हव्या असतील त्यांनी पावसाळा उतरल्यावर माझ्याकडे यावे. मोबदला नको. फक्त येताना चाकू धारदार आणावा, आणि काजू तोडलेला नसावा.