बिल्ला लावायचा, तर कपाटही उघडायचं

(पुण्यात महिला गटांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या घरी एखाद्या डब्यात जुन्या मोर्च्यांचे बिल्ले पडलेले असतील. बिल्ला लावून बसमध्ये चढलं की शेजारची बाई विचारायची, हे काय आहे? आणि मग बोलणं सुरू व्हायचं. बिल्ल्याचं काम तेवढंच असतं. आपण कुणाच्या बाजूला आहोत हे सांगायचं आणि समोरच्याला प्रश्न विचारायला लावायचं.

आता तसेच बिल्ले संस्थांच्या वेबसाइटवर दिसतात. मुक्त शैक्षणिक साहित्याला आमचा पाठिंबा आहे, अशा अर्थाचं एक छोटं चित्र कोपऱ्यात असतं. आपणही असा बिल्ला लावायचा का, असं काही गटांनी मला विचारलं. माझं म्हणणं असं, की जरूर लावू. पण आधी आपल्या कपाटातल्या पुस्तिकांचं काय करायचं ते ठरवू. आज मी त्याबद्दलच बोलणार आहे.

सुरुवात ताराबाई शिंद्यांपासून करते. बुलढाण्याच्या या बाईंनी लिहिलेली 'स्त्रीपुरुषतुलना' १८८२ साली इथे पुण्यात छापली गेली. तिच्यावर टीका झाली तेव्हा जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये 'सत्सार'मधून ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर ते पुस्तक जवळजवळ विस्मरणात गेलं. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केलं, तेव्हा आपल्याला कळलं की आपल्या आधी कुणीतरी हे सगळं इतक्या रोखठोक शब्दांत मांडून ठेवलं होतं. मधली ९३ वर्षं किती मुलींना त्या पुस्तकाचा आधार झाला असता, याचा हिशेब कुणी मांडायचा?

तिथे कायदा आडवा आला नव्हता. प्रतीच मोजक्या होत्या. पुस्तक टिकतं ते प्रतींमुळे, एका हातातून दुसऱ्या हातात जाण्यामुळे. आज प्रत काढणं अगदी स्वस्त झालंय, मोबाइलवर तर पैसाही लागत नाही. आता अडचण वेगळी आहे. प्रत काढायची परवानगी आहे की नाही, हेच कळत नाही.

आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. त्यानुसार काहीही लिहिलं, चितारलं, की त्यावर आपोआप हक्क निर्माण होतो. नोंदणी करावी लागत नाही. 'सर्व हक्क राखीव' असं छापावंही लागत नाही. पुस्तिकेवर काहीच लिहिलं नसेल, तरी ती कायद्याने बंदच असते. हा हक्क लेखिकेच्या हयातीत आणि तिच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. म्हणजे आज चाळिशीतल्या कार्यकर्तीने वस्तीसाठी एक पान लिहिलं आणि ती ऐंशी वर्षं जगली, तर ते पान सुमारे शंभर वर्षांनी मोकळं होणार. तिच्या मनात असं काही नसतं. तिला वाटतं, लोकांनी वाचावं. पण ते तिने कुठे लिहून ठेवलेलं नसतं.

याचा त्रास कसा होतो ते सांगते. मी काम करते त्या एका वस्तीतल्या बचत गटाला कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यावर सोपं काहीतरी वाचायला हवं होतं. कायदा २००५ चा, ऑक्टोबर २००६ पासून लागू झालेला. एका संस्थेची उत्तम पुस्तिका होती, पण प्रती संपल्या होत्या. आम्ही छापून घेऊ का, असं विचारलं. नाही कुणीच म्हणालं नाही. पण लिहिणाऱ्या ताई संस्था सोडून गेल्या होत्या, चित्रं काढणाऱ्याचा पत्ता सापडत नव्हता आणि हो म्हणायचा अधिकार कुणाचा, हेच ठरेना. शेवटी आम्ही तीच माहिती नव्याने लिहून काढली. त्यात दोन महिने गेले. त्या दोन महिन्यांत गटातली एक बाई मार खाऊन माहेरी गेली आणि परत आली. या कायद्यात संरक्षण अधिकारी असतो, राहत्या घरातून आपल्याला बाहेर काढता येत नाही, हे तिला आमच्या पुस्तिकेतून कळलं, पण उशिरा.

कुणी म्हणेल, शिक्षणासाठी सूट असते ना? असते. शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने प्रत काढायला कायद्यात मुभा आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्स दुकानावर तीन मोठ्या परदेशी प्रकाशकांनी दावा लावला, तेव्हा २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने याच मुभेचा आधार घेऊन विद्यार्थ्यांना दिलासा दिला, आणि २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. पण वस्तीत वाटायला हजार प्रती छापणं, कुणाच्या पुस्तिकेचं पावरीत किंवा कन्नडमध्ये भाषांतर करणं, हे त्या मुभेत बसतंच असं धरून चालता येत नाही. त्यासाठी परवानगी लागते.

इथे दोन शब्द वेगळे करायला हवेत. फुकट आणि मुक्त. आपल्या पुण्यातल्या बालभारतीचं उदाहरण घ्या. १९६७ पासून हे मंडळ पाठ्यपुस्तकं काढतंय. आज ती पुस्तकं कुणालाही पैसे न देता उतरवून घेता येतात, गरीब घरातल्या मुलींना त्याचा मोठा आधार आहे. पण आतल्या पानावर पाहिलंत तर लिहिलेलं असतं की संचालकांच्या लेखी परवानगीशिवाय यातला भाग वापरता येणार नाही. म्हणजे वाचायला फुकट, पण बदलायला, जोडायला, पुन्हा छापायला मुक्त नाही.

दुसरं उदाहरणही पुण्यातलंच. अरविंद गुप्ता यांनी २००३ ते २०१४ या काळात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत काम केलं. काडेपेटीतल्या काड्या, सायकलची ट्यूब, रिकाम्या बाटल्या यांतून विज्ञान शिकवणारी खेळणी त्यांनी केली आणि त्यांचे फोटो, फिल्म, शिवाय मराठी, हिंदी, इंग्रजी अशी हजारो पुस्तकं वेबसाइटवर सगळ्यांसाठी ठेवली. कुणीही घ्या, शिकवा, वाटा. खेड्यातल्या शिक्षिकेला तिथे कुणाची चिठ्ठी आणावी लागत नाही.

हीच गोष्ट कायद्याच्या भाषेत सांगायची सोय क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेने २००२ च्या डिसेंबरमध्ये केली. वर्तुळात दोन 'सी', ही त्यांची खूण. लेखिका आपला हक्क सोडत नाही, फक्त परवानगी आधीच लिहून देते. अटी चार प्रकारच्या. आमचं नाव द्या, ही एक. तुम्ही बदल केलात तर तेही असंच मोकळं ठेवा, ही दुसरी. पैसे कमावण्यासाठी वापरू नका, ही तिसरी. बदल करून वाटू नका, ही चौथी. यांच्या जुळणीतून सहा परवाने होतात. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हरवर फक्त नाव देण्याची अट आहे, त्यामुळे तिथल्या गोष्टी भाषेभाषेत जातात. युनेस्कोनेही २०१९ मध्ये मुक्त शैक्षणिक साहित्याबद्दल सर्व देशांना शिफारस केली.

म्हणजे बिल्ले दोन प्रकारचे झाले. एक पाठिंब्याचा, तो भूमिका सांगतो. दुसरा परवान्याचा, तो वाचणारीला प्रत्यक्ष हक्क देतो. पहिला लावून दुसरा लावला नाही, तर आपण लोकांना उघडायला सांगतो आणि आपलं कपाट कुलूपबंद ठेवतो.

आता आक्षेपांकडे वळते, कारण ते खरे आहेत. पहिला असा, की बाईचं काम जग नेहमीच फुकट घेत आलंय, आता तिचं लिखाणही फुकट द्यायचं का? मी याचं उत्तर असं देते. लिहिणारीला, चित्र काढणारीला, भाषांतर करणारीला मोबदला आधी द्या. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात तो धरा. पुस्तिका मुक्त करणं म्हणजे तिचे श्रम बुडवणं नाही. मोबदला श्रमाचा, वाटप ज्ञानाचं. आणि तिचं नाव तर परवान्यातच बांधलेलं राहतं.

दुसरा आक्षेप त्याहून गंभीर आहे. सगळंच उघडायचं का? अजिबात नाही. पीडित बाईने विश्वासाने सांगितलेली हकिगत, तिचा फोटो, तिच्या केसचा तपशील ही आपली मालमत्ता नाही. मोकळा परवाना एकदा दिला की ज्यांनी मजकूर घेतला त्यांच्याकडून तो मागे घेता येत नाही. म्हणून कायद्याची माहिती, आरोग्याची माहिती, प्रशिक्षणाचे खेळ, गटचर्चेचे प्रश्न हे उघडावं आणि हकिगती बंदच ठेवाव्यात. नाव बदललं म्हणजे झालं, असं नसतं. वस्तीत बाई नावाशिवायही ओळखू येते.

तिसरी गोष्ट आपल्या इतिहासाची. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्यावर आपल्या मोर्च्यांचे, शिबिरांचे फोटो घालायचे असतील तर मोकळा परवाना लागतो. ते फोटो आपल्या अल्बममध्ये आहेत. ज्या बायका त्यात ओळखू येतात त्यांना विचारून, ज्याने काढले त्याची परवानगी घेऊन ते बाहेर आणले नाहीत, तर आपली चळवळ दुसऱ्यांच्या फोटोंतूनच लोकांना दिसेल.

म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येक गटाने पुढच्या बैठकीत आपल्या पुस्तिकांची यादी करावी. प्रत्येकीसमोर लिहावं, मजकूर कुणाचा, चित्रं कुणाची, हयात कोण आहे, विचारायचं कुणाला. ज्या बाहेरून लिहून घेतल्या त्यांचा हक्क बहुधा लिहिणारीकडेच असतो, त्यामुळे तिचं पत्र घ्यावं. नवी पुस्तिका काढताना हे पहिल्याच दिवशी लिहून घ्यावं. मग मलपृष्ठावर आपल्या मराठीत एक वाक्य छापावं: ही पुस्तिका कुणीही छापावी, वाटावी, आपल्या बोलीत करावी, आमचं नाव द्यावं आणि तुमचीही अशीच मोकळी ठेवावी. त्याखाली परवान्याचं नाव आणि खूण.

बाहेरच्या टेबलावर कोऱ्या यादीचे कागद ठेवले आहेत. जाताना आपल्या गटासाठी एकेक घेऊन जा. यादीतली पहिली पुस्तिका मोकळी झाली, की बिल्ला त्या दिवशी लावू.