मिरज येथील मधुमेह-संशोधन परिषद : स्वागताध्यक्षीय भाषण

मधुमेहाच्या संशोधनात रुग्णांनी स्वतः भरावयाच्या इलेक्ट्रॉनिक नोंदवहीचा उपयोग, या विषयावर भरलेल्या परिषदेचे अध्यक्ष, उद्घाटक, निबंधवाचक आणि दूरदूरचे प्रवास सोसून आलेले प्रतिनिधी यांचे स्वागत समितीच्या वतीने मिरज नगरीत मनःपूर्वक स्वागत असो. स्वागताध्यक्षाच्या जागी शास्त्राच्या जाणकारापेक्षा गावाच्या जाणकाराला बसवण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे, आणि त्या रीतीने दिलेल्या मुभेचा या भाषणात पुरेपूर लाभ घेतला जाणार आहे, हे सभागृहाने आधीच गृहीत धरलेले बरे.

मिरज हे पटवर्धनांच्या संस्थानाचे ठाणे होते, आणि १८०१ साली चिंतामणराव पटवर्धन वेगळे झाल्यावर सांगली संस्थान मिरजेतूनच निघाले. आज महानगरपालिकेच्या नावात सांगली आधी येते आणि मिरज नंतर, ही गोष्ट येथील ज्येष्ठ नागरिक सौजन्याने सहन करतात. ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशा तिन्ही रुंदीचे लोहमार्ग एके काळी या जंक्शनात एकत्र येत असत. एप्रिल २०१६ मध्ये लातूर तहानलेले असताना पाच लाख लिटर पाणी घेऊन निघालेली पहिली रेल्वेगाडी याच स्थानकातून सुटली, याचा अभिमान अजून ताजा आहे. तलवारी आणि भाल्यांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तंतुवाद्ये घडवण्यास प्रारंभ केला, त्यांच्या वारसांनी भोपळ्यातून सूर काढण्याची विद्या पिढ्यान्‌पिढ्या जपली, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांनी १९३७ साली दक्षिणेतल्या एका रेल्वे स्थानकावर देह ठेवला, तरी त्यांना चिरविश्रांती मिळाली ती येथील ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात, जेथे त्यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या संगीत सभेत सेवा रुजू करणे मोठमोठ्या गायकांना आजही भूषणास्पद वाटते.

वैद्यकाच्या बाबतीत मिरजेचे नाव डॉ. विल्यम वानलेस यांच्यामुळे झाले. कॅनडात जन्मलेल्या या मिशनरी शल्यचिकित्सकाने १८९४ साली येथे रुग्णालय सुरू केले, पुढे वैद्यकीय शिक्षणाची सोय केली, आणि वानलेसवाडी या नावाने त्यांची आठवण नकाशावरही राहिली. वानलेस यांचे चरित्र सर्वांस ठाऊक असल्याने ते येथे विस्ताराने सांगण्याचे प्रयोजन नाही. प्रयोजन आहे ते डॉ. भडभडे यांचे नाव घेण्याचे, कारण त्यांचे नाव मिरजेतही फारसे कोणी घेत नाही. कुरुंदवाडच्या एका मुलाचे डोळे शोभेच्या दारूने भाजले आणि त्याला उपचारासाठी मिरजेस आणण्यात आले. वानलेस यांचे रुग्णालय तेव्हा उभेही राहिले नव्हते. मुलाची दृष्टी पूर्ववत होणार नाही हे डॉ. भडभडे यांच्या ध्यानात आले, आणि शाळेचा मार्ग बंद झालेल्या या मुलाचा गळा चांगला आहे, तेव्हा त्याने गाणे शिकावे, असा सल्ला त्यांनी दिला. मुलगा पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे गाणे शिकू लागला, १८९६ साली मिरज सोडून बाहेर पडला, आणि १९०१ साली लाहोर येथे त्याने गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांच्या नावाने देशभर उत्सव होतात, परंतु डोळ्यांचा इलाज संपल्यावर माणसाच्या उरलेल्या आयुष्याचा इलाज सांगणाऱ्या त्या वैद्याच्या वाट्याला चरित्रग्रंथांत एखाददुसरी ओळ येते. त्यांच्या नावाचा एखादा फलक, निदान एखाद्या रस्त्याची पाटी, नगरात असावी, ही सूचना या व्यासपीठावरून महानगरपालिकेच्या कानी घालण्याची संधी स्वागत समितीने साधली आहे.

या इतिहासाचा परिषदेच्या विषयाशी असलेला धागा बारीक आहे, हे मान्य केले पाहिजे; तो ओढून ताणायचाच झाला तर इतके म्हणता येईल की रुग्णालयाबाहेर रुग्णाचे काय होते, तो काय खातो, केव्हा घाबराघुबरा होतो, रात्री कोणत्या वेळी घामाने भिजून उठतो, हे जाणून घेण्याची इच्छा दोन्हींच्या मुळाशी आहे. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी ही रक्तचाचणी उपयुक्त असली, तरी सरासरीमध्ये चढउतार बुडून जातात. इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णाची साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली घसरणे, म्हणजे ज्याला रुग्ण आणि डॉक्टर दोघेही ‘हायपो’ म्हणतात, तो प्रसंग त्या सरासरीत दिसत नाही. नव्या इन्सुलिनची परीक्षा घेणाऱ्या संशोधकाला मात्र असे प्रसंग किती आले, कोणत्या वेळी आले आणि दुसऱ्या कोणाची मदत लागली की नाही, हेच मुख्यतः हवे असते, आणि ते रुग्णानेच लिहून ठेवावे लागते.

कागदी वहीवर किती विसंबावे, याचा निकाल बराच पूर्वी लागला आहे. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रॉजर मॅझे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहींना मोजमाप स्वतःच साठवून ठेवणारे ग्लुकोमीटर, त्यातील साठवणीची कल्पना न देता, वापरायला दिले, तेव्हा वहीतील आकडे आणि यंत्रातील आकडे जुळेनात, आणि वहीची साखर बहुधा अधिक गोजिरी निघे. २००२ साली आर्थर स्टोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनाट वेदनेच्या रुग्णांच्या कागदी वह्यांत प्रकाशाची चाहूल घेणारी उपकरणे लपवली. वेळेवर नोंद केल्याचा रुग्णांचा दावा ९० टक्के होता आणि वही प्रत्यक्षात वेळेवर उघडली गेल्याचे प्रमाण ११ टक्के भरले, तर इलेक्ट्रॉनिक नोंदवही वापरणाऱ्या गटात ते ९४ टक्के होते. दवाखान्याच्या पायरीवर बसून महिन्याभराची साखर एका दमात लिहून काढणारे रुग्ण मिरजेच्या डॉक्टरांना नवे नाहीत, आणि त्यांना लबाड म्हणणे अन्यायाचे होईल, कारण डॉक्टर रागावतील या धास्तीपोटीच वहीतले आकडे शहाणे होतात. इलेक्ट्रॉनिक नोंदवही प्रत्येक नोंदीवर वेळेची मोहोर उमटवते, मुदत टळल्यावर मागील तारखेची नोंद घेत नाही, आणि केलेली दुरुस्ती पुसून न टाकता जुन्या आकड्यासह जपते. तिचे महत्त्व या तीन गोष्टींत आहे, पडद्याच्या चकचकीतपणात नाही.

तरीही मिरज परिसराच्या अनुभवावरून काही शंका येथे नोंदवणे भाग आहे. या गावच्या दवाखान्यांत मराठीइतकेच कन्नड आणि उर्दूही ऐकू येते, कारण सीमेपलीकडील रुग्णांना हेच गाव जवळचे. एकाच भाषेतील नोंदवही त्यांतील पुष्कळांना परकी राहील. भाकरीचा आकार घरोघरी वेगळा असल्याने ‘एक भाकरी’ या नोंदीतून किती पिष्ट पोटात गेले हे ठरत नाही. मधुमेहाने दृष्टी अधू झालेल्या वृद्धाला बारीक अक्षरे दिसत नाहीत, मग नातू नोंदी भरतो, आणि त्या नोंदी कोणाच्या मानाव्यात हा प्रश्न उरतो. त्वचेवर चिकटवायचे संवेदक दर पाच मिनिटांनी, म्हणजे दिवसाला २८८ वेळा, साखर टिपत असल्याने नोंदवहीची गरज संपली असेही काहींचे मत आहे. परंतु साखर चढली त्या वेळी घरात लग्न होते, निर्जळी उपवास होता की इन्सुलिनची कुपी संपली होती, हे संवेदकाला कळत नाही.

आता व्यवस्थेकडे वळणे प्राप्त आहे, कारण स्वागत समितीची झोप तिनेच उडवली होती. सभागृहाच्या मागील बाजूस आवाज घुमतो, तेथे बसणाऱ्यांनी क्षमा करावी. निवासाच्या खोल्या दोन ठिकाणी विभागल्या गेल्याने काही प्रतिनिधींना सकाळी पायपीट घडली, आणि एका मजल्यावर गरम पाणी उशिरा पोचले. ती तक्रार रास्त असून तिचे निवारण रात्रीपर्यंत होईल. गणेशोत्सवातील भव्य स्वागत कमानींसाठी मिरज प्रसिद्ध असताना परिषदेची कमान ठेंगणी दिसते, याला मंडपवाल्याचा दोष नसून समितीच्या तिजोरीची उंची कारण आहे. मोबाइलला रेंज मिळत नसल्यास प्रवेशद्वाराजवळच्या पायऱ्यांवर उभे राहावे. इलेक्ट्रॉनिक नोंदवहीच्या परिषदेत असे सांगावे लागणे विनोदी आहे, पण त्याचमुळे रेंज नसताना नोंद साठवून ठेवणाऱ्या व्यवस्थेची निकड प्रतिनिधींना प्रत्यक्ष पटेल.

देणगीदारांनी व्यक्तिशः नावे न घेण्याची अट घातली आहे आणि ती मोडण्याचा मोह कष्टाने आवरला जात आहे. औषधविक्रेत्यांनी प्रतिनिधींच्या पिशव्या दिल्या, हळदीच्या व्यापाऱ्यांनी मंडपाचा खर्च उचलला, तंतुवाद्यांच्या कारागिरांनी व्यासपीठासाठी दोन तंबोरे दिले, आचाऱ्यांनी मजुरी निम्मी केली, परिचारिका विद्यार्थिनींनी नोंदणीचे टेबल सांभाळले, आणि एका निवृत्त शिक्षकांनी पेन्शनमधून दिलेली रक्कम परत करण्याचा प्रयत्न केला असता त्यांनी ती दुपटीने पाठवली. या सर्वांचे, आणि यादीत राहून गेलेल्यांचे तर अधिकच, समिती आभार मानते.

बिनसाखरेच्या चहाची किटली हिरव्या फडक्याने बांधलेली आहे, आणि भडंग दोन प्रकारांत, शेंगदाणे घातलेले व न घातलेले, ठेवण्यात आले आहे. उद्घाटनास झालेला विलंब लक्षात घेऊन पहिल्या सत्रातून पंधरा मिनिटे कमी करण्यात येतील. दुपारच्या जेवणाची एक वाजताची वेळ मात्र बदलणार नाही, कारण प्रतिनिधींपैकी काहींनी जेवणाआधीचे इन्सुलिन त्याच हिशेबाने घ्यायचे ठरवले आहे.