जमिनीत पुरलेले लोखंड
(जीर्णोद्धार समारंभात झालेले भाषण)



कळस चढला, सभामंडपाला रंग लागला, त्याचे कौतुक सर्वांनी डोळे भरून केले. ओढ्याच्या अंगाची संरक्षक भिंत मात्र फारसे कोणी पाहिली नसेल. सारे देऊळ त्या भिंतीच्या जिवावर उभे आहे आणि तिचे काम अजून व्हायचे आहे. भिंतीतून मागच्या खडकात पोलादी गज घालून ती जखडावी, अशी सूचना समितीपुढे आहे. म्हणून या गजांविषयी दोन शब्द.

इंजिनिअर लोक याला अँकर म्हणतात. भिंतीतून तिरपे भोक पाडून ते पक्क्या खडकापर्यंत नेतात. त्यात गज किंवा तारांचा जुडगा सोडून आतल्या टोकाशी पातळ सिमेंट दाबून भरतात. ते घट्ट झाले की बाहेरून जॅकने ताण देऊन नट आवळतात. तंबूचा दोर खुंटीला ओढून बांधावा, तसाच हा प्रकार. अल्जीरियातील शर्फा धरण १९३४ साली अशाच ताणाने खडकाशी बांधले गेले. इकडे कोयनेला ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर धरणाच्या भेगा बुजविताना पोलादी तारांच्या ताणाचा आधार घेतला गेला.

परंतु लोखंडाचा वैरी गंज. गंजलेले लोखंड फुगते आणि भोवतालचा दगड फोडते. ग्रीसमधील पार्थेनॉन या प्राचीन देवळात मूळ कारागिरांनी दगड जोडणाऱ्या लोखंडी पट्ट्यांभोवती शिसे ओतले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी दुरुस्ती करणारांनी उघडे लोखंड घातले, आणि त्या गंजाने संगमरवर तडकला. पुढे ते लोखंड काढून टायटॅनियम बसवावे लागले. जीर्णोद्धारानेच देवळाला इजा व्हावी, याहून वाईट ते काय?

जमिनीतल्या गजाचे तर काही दिसतही नाही. १९८६ साली जगभरातील अशा ३५ बिघाडांचा अहवाल निघाला. बहुतेक गज नटाजवळ किंवा त्यामागच्या मोकळ्या भागात गंजले होते. सिमेंटात रुतलेल्या भागात फारच थोडे. म्हणून नुसत्या सिमेंटवर भिस्त ठेवत नाहीत. ताणाने सिमेंटला बारीक भेगा जातात. गजावर ग्रीस, त्यावर प्लॅस्टिकची नळी, आतल्या टोकाला खाचांची नळी आणि नटावर ग्रीस भरलेली टोपी, असा बंदोबस्त करतात.

या जिल्ह्याला बांधणीचे मोल वेगळे सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे सास्तूर, होळी या गावांत मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरची माळवदे माणसांवर आली. भिंतीचे आतले व बाहेरचे थर एकमेकांना बांधलेलेच नव्हते. पुढे उभ्या राहिलेल्या घरांच्या मजबुतीकरणात भिंतीला आरपार भोक पाडून, आकडा वळवलेली सळई ठेवून ते काँक्रीटने भरण्याची रीत सांगितली गेली. तेथेही सळई चहूबाजूंनी काँक्रीटने झाकायची असते, ती गंजापासून वाचावी म्हणूनच.

आणखी एक. काळी माती पावसात फुगते आणि भिंतीमागे तुंबलेले पाणी भिंतीला पुढे ढकलते. भिंतीला आधी पाणी निघायला भोके ठेवावीत, मागे दगडगोट्यांचा भराव द्यावा. निचरा झाला तर बहुधा गजही कमी लागतील. नळदुर्गचा पाणीमहाल १६१३ सालापासून बोरी नदीचे पाणी अंगावर घेत उभा आहे, तो आपल्या दगडांच्या वजनावर.

कळसाला देणगीदार चटकन मिळतो. जमिनीत पुरलेल्या गजावर नाव कोरता येत नाही, ही खरी अडचण. तरीही ग्रीस, नळी आणि टोपी या बाबी अंदाजपत्रकात वेगवेगळ्या लिहून घ्याव्यात. ‘गज बसविणे’ एवढ्या एका ओळीत त्या गडप होतात, आणि गज पुरल्यावर मोजमाप घेता येत नाही. प्रत्येक भोकाची खोली व दिलेला ताण त्याच दिवशी नोंदवावा, ती वही देवळात ठेवावी, आणि दर दिवाळीपूर्वी एखाददुसरी टोपी उघडून पाहावी.