दमलेला कॉम्प्रेसर

अमरावतीहून अकोल्याकडे जाणारी सडक कपाशीच्या काळ्या जमिनींतून जाते. ही माती पावसाळ्यांत पाणी पिऊन फुगते व उन्हाळ्यांत आकसून भेगाळते. तिच्यावर सपाट रस्ता राखणें म्हणूनच कठीण. जून २०२२ मध्यें याच मार्गावर ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत सलग घातला गेला आणि त्याची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. परंतु महामार्ग सोडून गाडी खेड्याकडे वळली कीं मातीचा मूळ स्वभाव चाकांना जाणवूं लागतो. पोलादी स्प्रिंगांऐवजीं हवेच्या रबरी भात्यांवर तोललेल्या मोटारगाडीची परीक्षा तेथेंच होते.

ही युक्ति आजची नव्हे. १९५७ सालीं कॅडिलॅक कंपनीच्या एका उंची गाडीस चारही चाकांवर असे भाते होते. त्यांत हवा भरण्याचें काम विजेवर चालणारा एक लहानसा कॉम्प्रेसर करतो.

श्रोत्यांपैकीं ज्यांच्या घरीं अशी गाडी असेल, त्यांना एखाद्या सकाळीं ती एका कोपऱ्यावर बसलेली आढळते. कॉम्प्रेसर घरघरत असतो, पण गाडी उठत नाहीं. मालक त्यालाच दोष देतो. पुष्कळदा खरा अपराधी निराळाच असतो. भात्याच्या घडीवर बारीक चीर पडते, तिच्यांतून हवा निसटते आणि ती भरून काढण्यासाठीं कॉम्प्रेसर वारंवार धांवतो. थोडा वेळ चालून विसावण्यासाठीं घडविलेलें हें यंत्र तापतें व पिस्टनची रिंग झिजते. अकोल्याचा पारा मे महिन्यांत ४५ अंशांपुढें जातो, तेव्हां त्यास निवण्याचीही सवड मिळत नाहीं. फाटकी मोट ओढतांना बैल दमले, तर बैल बदलून पाटाचें पाणी वाढत नाहीं.

म्हणून आधीं भात्यांवर, नळ्यांवर व सांध्यांवर साबणाचें पाणी लावावें. बुडबुडे उठतील तेथें गळती. ती मिटविल्यावांचून पुढें जाऊं नये.

दुरुस्तीपूर्वीं बॅटरीची जोडणी काढावी, गाडी भक्कम लोखंडी टेकूंवर ठेवावी आणि मगच नळ्यांतील दाब सोडावा. केवळ हवेवर उभ्या असलेल्या गाडीखालीं कोणीही क्षणभरसुद्धां शिरूं नये. हवा सुटली कीं गाडी माणसावर येते.

सिलिंडर उघडल्यावर त्याच्या भिंतीवरून नख फिरवावें. ओरखडा नखाला अडकला, तर नवी रिंग घालणें व्यर्थ. भिंत गुळगुळीत असेल, तर रिंग बदलावी. पण तेल लावूं नये. टेफ्लॉनची ही रिंग कोरडीच चालते, आणि तेल पुढें जाऊन हवेंतील ओल शोषणारे कण निकामी करतें. श्रावणांतल्या दमट हवेनें थकलेले ते सिलिका जेलचे कणही त्याच वेळीं बदलावे. विजेचा रिलेही नवा घालावा. त्याचीं टोकें चिकटलीं तर कॉम्प्रेसर थांबतच नाहीं.

शेवटीं रात्रीं चारही चाकांपाशीं गाडीची उंची मोजून वहींत लिहावी व सकाळीं पुन्हा मोजावी. आंकडे जुळले, तरच दुरुस्ती पुरी झाली असें समजावें.