सभेपुढे उभे राहण्यापूर्वी

(तेलगाव येथे भरलेल्या आपल्या वार्षिक ज्ञातिमेळाव्यात केलेले भाषण)



आज सकाळी याच मांडवात आपल्या मुलामुलींची वक्तृत्वस्पर्धा झाली. बक्षिसे वाटण्यापूर्वी ‘सभेत परिणामकारक भाषण कसे करावे’ या विषयावर आम्ही चार शब्द सांगावेत, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. आम्ही नामांकित वक्ते नव्हेत. खेड्यातील शाळेत शिक्षकी करण्यात आमचे आयुष्य गेले. परंतु जो एकदा खड्ड्यात पडला आहे त्यास खड्डा कोठे आहे हे पक्के ठाऊक असते. एवढ्याच अधिकाराने आम्ही आपणांपुढे उभे आहोत.

वक्तृत्व ही केवळ शोभेची कला आहे, असा आपल्या समाजात एक समज आहे. दोन-चार सुभाषिते, थोडे अभिनय, टाळ्या आणि एक पेला, एवढ्यावर तिची इतिश्री होते. वस्तुतः बोलता न येण्याची किंमत आपण रोजच्या व्यवहारात मोजीत असतो. ग्रामसभेत पाण्याचा प्रश्न निघतो तेव्हा ज्याच्या वस्तीला नळ नाही तो मागे भिंतीला टेकून गप्प बसतो, आणि ज्याच्या दारात नळ आहे तो बोलतो. मुलाखतीत गुणवान मुलगा मान खाली घालतो. २०११ सालापासून महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखून ठेवण्यात आल्या; आपल्याही कित्येक भगिनी निवडून आल्या. परंतु सभेत त्यांच्या वतीने त्यांचे यजमानच बोलताना आम्ही पाहिले आहेत. जागा मिळाली, पण जीभ मिळाली नाही, असे होऊ नये म्हणून हा विषय महत्त्वाचा.

आता आमच्या फजितीची हकीकत सांगतो. काही वर्षांपूर्वी असाच मेळावा दसऱ्याच्या तोंडावर भरला होता. आपल्या बीड जिल्ह्यात त्या दिवसांचा अर्थ काय, हे येथे कोणास सांगावयास नको. मुकादमाची उचल घेतलेली असते, गाड्या ठरलेल्या असतात, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता या हिशेबाने बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे ऊसतोडीसाठी घाटाखाली आणि कर्नाटकात जातात. तेलगावच्या परिसरात साखर कारखाना उभा असूनही हे स्थलांतर सरलेले नाही. मागे शाळेच्या पटावर नावे राहतात, मुले मात्र उसाच्या फडात असतात. त्या कुटुंबांनी मुलांना, विशेषतः मुलींना, बरोबर नेऊ नये, त्यांची शाळा मोडू नये, हे पटवून देण्याचे काम संस्थेने आमच्याकडे सोपविले होते.

आम्ही पाच रात्री जागून चौदा पाने लिहून काढली. तीत विद्येची थोरवी होती, संस्कृत वचने होती, दूरदूरच्या देशांतील दाखले होते. आम्ही ती चौदा पाने पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून दाखविली. चौथ्या पानावर लहान मुले रडू लागली. आठव्या पानावर मागच्या रांगा उठल्या. शेवटी टाळ्या झाल्या. भाषण संपल्याच्या आनंदाच्या टाळ्या कशा असतात, ते आम्हांस त्या दिवशी कळले. मांडवाबाहेर एक माउली आमची वाट पाहत उभी होती. ती म्हणाली, “गुरुजी, तुमचं समदं खरं हाय. पर पोरगी मागं ठिवली, तर राच्याला तिच्यापाशी कोण?”

आमच्या चौदा पानांत या एका प्रश्नाचे उत्तर नव्हते. इतकेच काय, असा प्रश्न कोणाच्या मनात असेल हेही आमच्या ध्यानी आले नव्हते. त्या माउलीची मुलगी त्या वर्षी फडावर गेली. ती पुन्हा शाळेत आली नाही. तिचे वय तेव्हा बारा वर्षांचे होते. भाषण फसले तर वक्त्याची फजिती होते, असे लोक म्हणतात. आमच्या भाषणाची किंमत आम्ही मोजली नाही, त्या मुलीने मोजली.

मंडळी, आम्ही आज जे सांगणार आहोत ते सारे या प्रसंगातून निघाले आहे. भाषणाची तयारी म्हणजे आपल्याला काय ठाऊक आहे याची जुळवाजुळव, असे आम्ही समजत होतो. श्रोत्यांच्या मनात कोणता प्रश्न आहे याचा शोध, ही खरी तयारी होय. लेखणी उचलावयाची ती हा शोध झाल्यानंतर.

याचा एक उत्तम दाखला आपल्या महाराष्ट्रकन्येनेच घालून दिला आहे. आनंदीबाई जोशी यांचे नाव आपण सर्व जाणता. त्यांचे यजमान गोपाळराव बंगालमधील सेरामपूर येथे टपालखात्यात नोकरीस होते. आनंदीबाई वैद्यकीचे शिक्षण घेण्यासाठी अमेरिकेस जाणार, ही वार्ता पसरताच भोवताली एकच गदारोळ उठला. तेव्हा १८८३ च्या फेब्रुवारीत त्यांनी सेरामपूर येथे जाहीर सभेत इंग्रजीतून भाषण केले. वयाची अठरा वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्या काळी ब्राह्मण घरातील स्त्रीने परपुरुषांच्या सभेत उभे राहणे हेच नवल, मग बोलणे तर दूरच!

परंतु आमचे लक्ष त्यांच्या धैर्याइतकेच त्या भाषणाच्या बांधणीकडे जाते. त्यांनी स्त्रीशिक्षणाच्या महतीवर प्रवचन दिले नाही. लोक आपल्याला काय विचारतात, ते त्यांनी गोळा केले आणि तेच प्रश्न सभेपुढे मांडले. अमेरिकेस कशासाठी जाता? हिंदुस्थानात शिक्षणाची सोय नाही काय? एकट्याच का जाता? परत आल्यावर ज्ञाती बहिष्कार घालणार नाही काय? तेथे काही संकट ओढवले तर काय कराल? आणि जे आपल्या स्त्रियांपैकी कोणी केले नाही ते तुम्हीच का करावे? असे सहा प्रश्न, आणि एकेकाचे सरळ उत्तर. विरोधकाच्या तोंडचा प्रश्न स्वतःच उच्चारल्यावर विरोधकाकडे उरते काय? बहिष्काराच्या प्रश्नालाही त्यांनी बगल दिली नाही. आपण हिंदू म्हणूनच जाऊ आणि परत येऊन हिंदू म्हणूनच राहू, असा त्यांनी निर्वाळा दिला. १८८६ साली त्यांनी फिलाडेल्फिया येथे वैद्यकीची पदवी मिळविली. दुर्दैवाने पुढच्याच वर्षी त्या निवर्तल्या. ज्या प्रश्नाची धास्ती त्या वेळी ज्ञातीच्या नावाने घातली जात होती, तो प्रश्न आपल्या ज्ञातिसंस्थांनीही अधूनमधून आठवावा. मुलींच्या वाटेत आपण उभे आहोत की वाटेच्या कडेला पाण्याचा तांब्या घेऊन उभे आहोत, हे त्यावरून कळेल.

श्रोत्यांचा प्रश्न कळावा कसा? त्यासाठी त्यांच्यात जाऊन बसावे लागते. संत गाडगेबाबांचे उदाहरण घ्या. हातात खराटा घेऊन ते गावात येत, दिवसा गाव झाडीत, आणि रात्री कीर्तनास उभे राहत. झाडता झाडता कोणत्या दारी घाण आहे, कोणत्या दारी दारिद्र्य आहे, हे त्यांच्या नजरेतून सुटत नसणार. कीर्तनातही ते श्रोत्यांना साधे साधे प्रश्न विचारीत आणि उत्तर श्रोत्यांकडूनच वदवून घेत. जे उत्तर माणसाच्या स्वतःच्या मुखातून निघते, ते त्यास नाकारता येत नाही. १९५६ साली बाबा गेले; पण त्या पद्धतीचे मर्म आजही तेच आहे.

प्रश्न हाती आला म्हणजे बांधणीचा विचार करावा. बांधणी शिकावयास आपणांस दूर जावयाचे कारण नाही. नारदीय कीर्तनात पूर्वरंग व उत्तररंग असे दोन भाग असतात. पूर्वरंगात सिद्धांत मांडावयाचा आणि उत्तररंगात आख्यान लावून तोच सिद्धांत श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे उभा करावयाचा. वारकरी कीर्तनकार एक अभंग घेतो आणि दोन-दोन तास त्या एकाच अभंगाभोवती फिरतो. दृष्टांतासाठी दूर गेला तरी वळून त्याच चरणावर येतो. भाषणातही मुख्य मुद्दा एकच असावा. आमच्या चौदा पानांत किमान नऊ मुद्दे होते, आणि घरी जाताना श्रोत्याच्या पदरात एकही नव्हता. कीर्तनकार आणखी एक गोष्ट जाणतो. श्रोते पेंगू लागले की तो नामाचा गजर करवितो. समोरच्या माणसाकडे पाहणे तो क्षणभरही सोडीत नाही. जो कागदाकडे पाहतो त्यास पेंगणारा श्रोता दिसत नाही, आणि न दिसणारा श्रोता उठून जातो.

लांबीविषयी एक परदेशचा दाखला देतो. १९ नोव्हेंबर १८६३ रोजी अमेरिकेत गेटिसबर्ग येथे युद्धात पडलेल्या सैनिकांच्या दफनभूमीचा समारंभ झाला. एडवर्ड एव्हरेट या नामांकित वक्त्याने तेथे सुमारे दोन तास भाषण केले. त्यानंतर अध्यक्ष लिंकन उठले आणि दोन-तीन मिनिटांत आपले बोलणे आटोपून बसले. जगाच्या स्मरणात आज कोणाचे भाषण आहे, हे आम्ही सांगावयास हवे काय? आपल्या मेळाव्यांत तर स्वागत, परिचय आणि आभार यांतच एव्हरेटसाहेबांचे दोन तास संपतात!

आता तरुण मंडळींसाठी काही व्यवहाराच्या सूचना. भाषण संपूर्ण लिहून पाठ करू नये. एक शब्द निसटला की माळेतले सारे मणी गळतात. एका लहानशा चिठ्ठीवर चार-पाच मुद्दे मोठ्या अक्षरांत लिहावेत. पहिले वाक्य आणि शेवटचे वाक्य मात्र पक्के पाठ असावे. कारण आरंभी भीती असते आणि शेवटी थांबावे कोठे हे सुचत नाही. घरी उभे राहून मोठ्याने सराव करावा, आणि तो घरातील ज्या माणसास विषय ठाऊक नाही त्याच्यापुढे करावा. आजीला समजले तर सभेला समजेल. आकडा सांगावयाचा तर एखादाच, आणि तो ओळखीच्या मापात. शेकडा किती मुले शाळा सोडतात हे सांगण्यापेक्षा, आपल्या वस्तीतील अमक्या इयत्तेच्या बाकावर आज किती जागा रिकाम्या आहेत, हे सांगावे. ध्वनिक्षेपक तोंडाशी लावू नये, वीतभर दूर ठेवावा. उभे राहताच बोलू नये. एकदा सभेवरून नजर फिरवावी, श्वास घ्यावा, मग आरंभ करावा. हात-पाय कापतात म्हणून लाजू नये. मुद्दा विसरला तर थांबावे, चिठ्ठी पाहावी आणि पुढे चालावे. श्रोते विसरभोळ्या वक्त्यास क्षमा करतात. न कळलेले कळल्याचा आव आणणाऱ्यास करीत नाहीत. आणि शेवटी श्रोत्यांनी उद्या सकाळी काय करावे, ते एका वाक्यात सांगावे. ज्या भाषणाच्या शेवटी करण्याजोगे काही नसते, ते मांडवाबरोबरच उतरविले जाते.

आमच्या हकिकतीचा शेवट अद्याप राहिला आहे. पुढच्या वर्षी तेच काम आम्ही मागून घेतले. त्यापूर्वी महिनाभर संध्याकाळी वस्तीवर जाऊन ओट्यावर बसलो. बोललो थोडे, ऐकले पुष्कळ. ज्याने उचल घेतली आहे त्याला ‘जाऊ नका’ म्हणणे व्यर्थ, हे तेथे उमगले. शाळेत जाऊन हंगामी वसतिगृहात जेवणाची काय व्यवस्था आहे ते विचारून घेतले. ज्या घरांत आजी-आजोबा मागे राहतात आणि दुसऱ्याची एक मुलगी झोपावयास ठेवून घेण्यास तयार आहेत, अशा घरांची यादी केली. सभेत आम्ही कागद नेला नाही. उभे राहून प्रथम त्या माउलीचाच प्रश्न तिच्याच शब्दांत विचारला, “राच्याला तिच्यापाशी कोण?” सभा एकदम शांत झाली. मग त्या घरांची नावे एकेक करून घेतली, आणि त्या त्या घरच्या आजीबाईंना जागेवरच उभे राहण्याची विनंती केली. भाषण पाव तासात संपले. खरे भाषण त्या आजीबाईंनी उभे राहूनच केले होते.

त्या हंगामास सगळ्या मुली मागे राहिल्या, असे आम्ही सांगणार नाही. तसे झाले नाही. पाच घरांनी मुली ठेवल्या. अनेकांनी ठेवल्या नाहीत, आणि त्यांच्या अडचणी आमच्या शब्दांहून मोठ्या होत्या. शब्दांनी उचल फिटत नाही, हे वक्त्याने कधी विसरू नये. परंतु जेथे शब्दांनी वाट निघते तेथे ते चुकीचे निघाले, तर तो दोष मात्र आपला.

त्या पाच मुलींपैकी एक आज सकाळच्या स्पर्धेत बोलली. मध्येच ती अडखळली, चिठ्ठीकडे पाहिले, आणि पुन्हा बोलू लागली. तिला बक्षीस मिळाले किंवा नाही, हे परीक्षक जाणोत. आमच्या पहिल्या मेळाव्यातील ती दुसरी मुलगी आज येथे असती, तर तीही याच वयाची असती. ज्या कोणास पुढे सभेत उभे राहावयाचे आहे, त्याने तोंड उघडण्यापूर्वी मांडवाच्या दाराशी उभ्या असलेल्या त्या माउलीला आधी विचारून यावे, एवढीच आमची विनंती आहे.

 आम्ही वेळेत थांबतो. निदान तेवढा तरी धडा आम्ही स्वतः गिरविला पाहिजे.