मागे राहिलेल्यांचे ऋण



सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने पूर्वजांविषयी चार शब्द बोलावेत, अशी मंडळाची आज्ञा झाली. काशीच्या दुर्गाघाट-ब्रह्माघाटाच्या गल्ल्यांत वाढलेल्या आपणांस हे स्मरण नवे नाही. गागाभट्टांचे घराणे पैठणहून येथे आले आणि त्यांनीच १६७४ साली रायगडावर शिवछत्रपतींना राज्याभिषेक केला. ‘आज’ या हिंदी दैनिकाचे संपादक बाबूराव विष्णु पराडकर १८८३ साली येथल्याच एका मराठी घरात जन्मले. हा अभिमान आपण नेहमीच सांगतो. आज थोडे निराळे बोलावयाचे आहे.

घराण्यातून जो बाहेर पडला त्याची कथा पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. जो मागे राहिला त्याची कोणी सांगत नाही. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली अर्थार्जनासाठी उत्तरेकडे निघाले, आणि अनंत हाल सोसून गंगेची कावड घेऊन घरी परतले. कारण तेथे आईवडील वाट पाहत होते. आमचे खापरपणजोबा मात्र काशीस आले ते परतलेच नाहीत. रत्नागिरीकडच्या घरी त्यांचे धाकटे बंधू राहिले.

लहानपणी आम्हांस ते घर तोंडपाठ होते. जांभ्या दगडाचे जोते, ओटी, माजघर, मागे नारळी-पोफळीचे आगर. आजी त्यास ‘आपले घर’ म्हणे. तिनेही ते कधी पाहिले नव्हते.

काही वर्षांपूर्वी तेथल्या चुलत घराण्याचे पत्र आले. सातबाऱ्यावर आमच्या पणजोबांचे नाव अद्याप होते. घर नव्याने बांधून काढावयाचे, तर हक्कसोडपत्रावर आम्हां वारसांच्या सह्या हव्या होत्या. आमच्याकडे मोठा वाद झाला. पूर्वजांची वास्तू अशी कागदावर सोडून द्यावयाची काय? अखेर आम्ही दोघे भाऊ प्रत्यक्ष जाऊन आलो.

मागची भिंत पावसाने खचली होती. वृद्ध काकूंनी ओटीवर आमचे स्वागत केले. दर वैशाखात कौले चाळावयास माणसे शोधणे, वाळवी लागलेले वासे बदलणे, देवापुढचा दिवा तेवता ठेवणे, हे सारे त्या शाखेने पिढ्यान् पिढ्या केले. आमच्याकडून त्यासाठी एक पैसाही गेला नव्हता. काकूंनी त्याचा उल्लेखही केला नाही. माजघराशेजारची एक अंधारी खोली दाखवून त्या एवढेच म्हणाल्या, “ही काशीकरांची खोली. आम्ही भाताची कणगी तेवढी ठेवतो हो.”

आम्ही मुकाट्याने सह्या केल्या.

निघताना आम्ही घरची वंशावळ पाहावयास मागितली. खापरपणजोबांच्या नावाखाली ‘काशीस गेले’ एवढेच लिहिले होते. पुढे कोरा कागद. तेथेच बसून आम्ही पुढच्या पाच पिढ्यांची नावे लिहिली, लेकीसुनांचीही. काकूंनी एकेक नाव मोठ्याने वाचले.

आपणां सर्वांस एकच विनंती आहे. गावी आपल्या घराण्यातले कोणी असतील, तर त्यांना पत्र लिहा, आपल्या मुलाबाळांची नावे कळवा, त्यांची आठवणीने विचारून घ्या. घरावरचा हक्क सोडता येतो, ते राखणाऱ्यांचे ऋण सोडता येत नाही.