काचेतल्या बाळाची चौकशी

दिवस भरण्याआधी जन्मलेलं मूल पुण्यास नेलं, की गावी निरोप येतो, "बाळ काचेत ठेवलंय." बाप दाराबाहेर बाकावर बसतो. आई दुसऱ्याच खोलीत पडून असते. डॉक्टर बाहेर येतात, चार शब्द बोलतात, आणि बाप नुसती मान हलवतो.

हे मान हलवणं आम्हांस पसंत नाही. शाळेत आम्ही नेहमी पाहिलं आहे, ज्या पोराला काही कळलेलं नसतं तेच आधी म्हणतं, "समजलं, गुरुजी!" डॉक्टरांपुढे आपण मोठी माणसंही तेच करतो.

तेव्हा डॉक्टरांचं सांगून झालं, की तेच आपल्या बोलीत परत सांगावं. "म्हणजे साहेब, श्वासाचं यंत्र अजून लागेल आणि दूध नळीनं जाईल, असंच ना?" आपलं चुकलं असेल तर ते तिथंच सुधारतील. सिस्टरबाईंनाही विचारावं. बाळ रात्रंदिवस त्यांच्याच नजरेखाली असतं. आज वजन किती, दूध किती पचलं, हे तारीख घालून वहीत टिपावं. आता आपणांस लिहिता येतं. घरचं एकच माणूस रोज विचारील असं ठरवावं. सहा पाहुण्यांनी विचारलं तर गावी सहा बातम्या जातात. आणि कळलेलं आईपासून लपवू नये. तिला उमजतंच, अन् मग ती त्याहून वाईट कल्पना करते.

आईबापांनी हात धुऊन आत यावं, बाळाची देखभाल शिकावी, असं केंद्र सरकारनं २०१७ मध्येच सरकारी विभागांसाठी ठरवून दिलं आहे. बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब देणं बापालाही जमतं. "आम्ही कधी आत यावं?" असं खुशाल विचारावं.

आता डोळ्यांचं ऐका. वजन २ किलोहून कमी असेल, किंवा ३४ आठवड्यांच्या आत जन्म झाला असेल, तर डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या शिरा वेड्यावाकड्या वाढू शकतात. बाहेरून डोळा छान दिसतो. जन्मापासून ३० दिवसांच्या आत पडदा तपासावा लागतो, फारच लहान बाळाचा त्याहूनही लवकर. वेळेत कळलं तर लेसरनं इलाज होतो. उशीर झाला तर दृष्टी जाते. बाळ तोवर घरी आलेलं असतं, घरात बारशाची गडबड असते, आणि तारीख राहते इंग्रजी कागदात. म्हणून निघतानाच ती मराठीत लिहून मागावी. कानांचीही तपासणी विचारावी.

घरी गेलं म्हणजे डॉक्टरांचा संबंध संपला असं नाही. रास्ता पेठेतल्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी यांनी १९८७ ते १९८९ या काळात घरी गेलेल्या अशा लहान बाळांची १८ वर्षे पाहणी केली. त्यांची सरासरी बुद्धी सर्वसाधारण मर्यादेत निघाली, पण गणितात ती मुलं मागे पडली. असं आधी माहीत असलं, तर गुरुजींनाही त्या पोराकडे वेगळं लक्ष देता येतं.

शेवटी एक विचारून घ्यावं. रात्री बाळ दूध ओढेना, अंग गार पडलं, किंवा ओठ निळे झाले, तर कुठं न्यायचं? १०८ क्रमांकावर फोन केला म्हणजे सरकारी गाडी येते. डॉक्टरांना दाखवायचा कागद मात्र उशाशीच ठेवावा.